काका, फक्त सही करा

एप्रिल संपत आला की अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांना वर्षभर न भेटलेली माणसं आठवणीने फोन करू लागतात. आधी तब्येतीची चौकशी, मग मंडळाच्या गणपतीचा विषय, मग वहिनींच्या पुरणपोळ्यांचं कौतुक आणि शेवटी, आत्ताच सुचल्यासारखं, "अहो, आमच्या धाकट्याला एक पत्र हवं होतं. मागच्या समरला तुमच्याकडे येत होता ना?" येत होता, कबूल. तपासणीच्या खोलीत, वापरलेल्या सुयांच्या लाल डब्याशेजारी हाताची घडी घालून उभा राहत होता. आता त्याच्या उभं राहण्याबद्दल मी मेडिकल कॉलेजला नेमकं काय कळवायचं?

माझं म्हणणं आडपडदा न ठेवता सांगतो. ज्या डॉक्टरच्या मागे मुलगा नुसता फिरला, त्या डॉक्टरचं शिफारसपत्र म्हणजे वशिला. छान इंग्रजीत लिहिला, लेटरहेडवर छापला आणि पोर्टलवर चढवला म्हणून त्याची जात बदलत नाही. मागणारे पालक, देणारे डॉक्टर आणि मुकाट स्वीकारणारी कॉलेजं, तिघांनाही हे ठाऊक आहे. तरी दरवर्षी हा खेळ बिनबोभाट चालतो, कारण त्यात कोणाच्याच खिशातून काही जात नाही. ज्याच्या खिशातून जातं, तो पोरगा या खोलीत नसतोच.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत बारावीनंतर थेट डॉक्टरकीला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज. एम.डी. देणाऱ्या बहुतेक कॉलेजांचे अर्ज त्यांच्याच संघटनेच्या, म्हणजे एएएमसीच्या, एमकॅस या एका खिडकीतून जातात. दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात आणि जेमतेम तेवीस हजारांना जागा मिळते. अर्जाला दहापर्यंत पत्रं जोडता येतात. बहुतेक कॉलेजांना विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची आणि आणखी एखाद्या शिक्षकाची पत्रं हवी असतात. त्यापुढे येतं डॉक्टरचं पत्र. डी.ओ. ही पदवी देणारी अनेक ऑस्टिओपॅथिक कॉलेजं ते मागतात किंवा असलं तर बरं म्हणतात. एम.डी.ची बहुतेक कॉलेजं मागत नाहीत, पण आलं तर परतही करत नाहीत. परत करत नाहीत एवढी फट आपल्या पालकांना पुरते.

शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरच्या मागे फिरून त्याचं काम नुसतं पाहणं, वाईट आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने ते करावं. गोपनीयतेच्या कागदावर सही करायची, डॉक्टरच्या मागोमाग खोलीत जायचं, डॉक्टर पेशंटला विचारतो, "हा विद्यार्थी थांबला तर चालेल ना?" पेशंट हो म्हणाला तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, नाही म्हणाला तर बाहेर. कपडे काढून तपासायचं असेल तरीही बाहेर. हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. मग दुपारी डब्याच्या वेळी त्याला खरी डॉक्टरकी दिसते. एमआरआयच्या मंजुरीसाठी मी विमा कंपनीच्या फोनवर त्यांचं संगीत ऐकत बसलेलो असतो आणि पलीकडून कोणीतरी, ज्याने तो पेशंट कधी पाहिलेला नाही, मला विचारतं की आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करून पाहिली का. हे पाहून एखादा मुलगा वाट बदलतो, एखाद्याचा निश्चय पक्का होतो. दोन्हीत फायदाच आहे.

पण हा सगळा फायदा त्याचा. त्याला माझ्याबद्दल पुष्कळ कळतं: मी कधी चिडतो, कुठे घाई करतो, कोणत्या पेशंटला बघून माझा चेहरा पडतो. मला त्याच्याबद्दल कळतं ते एवढंच की तो वेळेवर येतो आणि त्याचे बूट स्वच्छ असतात. जबाबदारी दिलेली नाही, त्यामुळे ती त्याने पेलली का हा प्रश्नच उठत नाही. त्याची चूक होऊ शकत नाही, म्हणून चूक झाल्यावर तो लपवतो की सांगतो हे मला ठाऊक असणं शक्य नाही. लग्नाच्या मांडवात पहिल्या पंगतीला बसलेल्या पाहुण्याला कोणी उत्तम स्वयंपाकाचं प्रशस्तिपत्र देईल का? इथे आम्ही नेमकं तेच देतो, आणि वर पाहुण्याच्या चवीने जेवण्याचीही स्तुती करतो.

गंमत म्हणजे पत्र कसं असावं हे एएएमसीने स्वतःच लिहून ठेवलं आहे. उमेदवाराला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता ते सांगा, जे लिहिता ते स्वतः पाहिलं की ऐकलं ते सांगा, गुणांची यादी देण्यापेक्षा वागणुकीचे दाखले द्या, आणि उमेदवाराची वकिली करण्याऐवजी त्याचं अचूक मूल्यमापन करा. या कसोट्यांना उतरणारं पत्र मी शॅडोइंग केलेल्या मुलासाठी प्रामाणिकपणे लिहिलं तर ते चार ओळींत संपेल. ‘मी याला एका उन्हाळ्यात काही आठवडे पाहिलं. याच्या वडिलांना मी वीसेक वर्षं ओळखतो. हा शांत उभा राहतो. याहून अधिक मला माहीत नाही.’ असं पत्र पोर्टलवर चढवलं तर पुढच्या गणपतीत माझ्या पानात मोदक पडायचा नाही.

म्हणून मग दुसरी सोय निघाली आहे. पत्र मुलगाच लिहून आणतो. "काका, तुम्ही बिझी असता म्हणून मी ड्राफ्ट करून ठेवलंय. तुम्ही फक्त सही करा." अशी एक फाईल सध्या माझ्या इनबॉक्समध्ये पडून आहे. पहिल्या परिच्छेदात मी लिहितो की माझ्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत इतकी परिपक्व मुलगी मला क्वचितच भेटली. दुसऱ्यात मी एक प्रसंग सांगतो. कॅन्सरचं निदान ऐकून एक पेशंट रडू लागली, तेव्हा या मुलीने ‘कोणी न सांगता’ टिश्यूचा डबा पुढे केला, आणि त्या क्षणी मला तिच्यातली ‘असामान्य करुणा’ दिसली. डबा तिने पुढे केला होता, खरं आहे. तो तिच्या कोपराशीच होता. तिसऱ्या परिच्छेदात मी तिची ‘कसलीही अट न ठेवता’ शिफारस करतो. हे सगळं मीच लिहितो, हे मला तिच्याकडून कळलं.

आता यातली खरी गोम पाहा. १९७४ च्या फेर्पा कायद्याने अमेरिकी विद्यार्थ्याला आपल्याबद्दलची कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला. शिफारसपत्राच्या बाबतीत मात्र हा हक्क सोडून द्यावा असा सल्ला प्रत्येक मुलाला मिळतो, कारण उमेदवाराने पाहिलेलं नसेल तरच पत्र मोकळेपणाने लिहिलेलं आहे असा निवड समितीचा विश्वास बसतो. तेव्हा ही मुलगी अर्जावर गंभीरपणे जाहीर करते की हे पत्र वाचण्याचा हक्क मी सोडला आहे. कोणतं पत्र? जे तिने स्वतःच्या लॅपटॉपवर, बहुधा मोठ्या भावाला दाखवून, तीनदा सुधारून लिहिलं ते. खोटेपणाला इतकं कायदेशीर वेष्टन दुसरीकडे पाहायला मिळणं कठीण.

आणि हे कोणाला शिकवतोय आपण? उद्या जी कोणा अनोळखी माणसाच्या केसपेपरवर ‘तपासलं’ असं लिहिणार आहे तिला. न तपासता ‘हृदय, फुप्फुसं नॉर्मल’ असं टेम्प्लेटमधून ओढून टाकणारे डॉक्टर मला रोज दिसतात. ही सवय त्यांना कुठून लागली याचं मला आता कोडं पडत नाही. डॉक्टरकीच्या दारातच जिला आपण न पाहिलेलं पाहिलं म्हणून सही करणारा वडीलधारा दाखवला, तिला पुढे नीतिशास्त्राचा तास देऊन काय उपयोग?

बरं, प्रत्यक्ष काम पाहिलेल्या माणसांची पत्रंही किती सोवळी असतात? एका मोठ्या अमेरिकी मेडिकल कॉलेजात अध्यापकपदासाठी आलेल्या तीनशेहून जास्त पत्रांचा ट्रिक्स आणि सेंका या दोन संशोधकांनी अभ्यास केला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड निघाली, त्यांत शंकेची पुडी सोडणारी वाक्यं जास्त निघाली, बाईंची मेहनत आणि बुवांचं संशोधन असा थाट निघाला. हे सगळं ज्यांनी खरोखर एकत्र काम केलं होतं त्यांच्या लेखणीतून. मग ज्याने काहीच पाहिलेलं नाही त्याच्या लेखणीतून काय उतरणार? उतरतो तो मुलाच्या बापाशी असलेला स्नेह.

आणि तो स्नेह सर्वांना सारखा मिळत नाही. एएएमसीच्याच आकडेवारीप्रमाणे गेली कित्येक दशकं अमेरिकी मेडिकल विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वरच्या दोन पंचमांश उत्पन्नगटांतल्या घरांतून येतात. ज्याचा बाप ट्रक चालवतो त्याला डॉक्टर भेटतो तो आजारी पडल्यावर, आणि तेव्हाही सात मिनिटं. तो मुलगा पन्नास क्लिनिकना ईमेल करतो. पंचेचाळीस उत्तर देत नाहीत आणि पाच जण ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असं कळवतात. आमच्या पोरांना ईमेल करावा लागत नाही. दिवाळीच्या पार्टीत हृदयविकारवाले काका समोशांच्या टेबलाशी असतात आणि हाडांच्या मावशी चहाच्या.

याची लाज आम्हाला इतरांपेक्षा जास्त वाटायला हवी. १९६५ साली इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि त्यानंतर बी. जे., ग्रँट, जी. एस. अशा कॉलेजांतून निघालेली डॉक्टरांची फौज इथे उतरली. या लोकांना इथे काळं कुत्रं ओळखत नव्हतं. त्यांनी परीक्षा दिल्या, कोणाला नको असलेल्या गावांतल्या आणि कोणाला नको असलेल्या पाळ्या केल्या, भारतात केलेली रेसिडेन्सी पुन्हा पहिल्यापासून केली. ‘आमच्या पाठीशी कोणी नव्हतं’ हे वाक्य त्यांच्या प्रत्येक सत्कारात मी ऐकलं आहे आणि दर वेळी मनापासून टाळ्या वाजवल्या आहेत. त्याच सत्काराच्या जेवणात शेजारच्या खुर्चीवरून नातवाच्या पत्राचा विषय निघतो. आपल्याला दार उघडून द्यायला कोणी नव्हतं याचा अभिमान, आणि आपल्या पोरांसाठी ते दार आतून लावून घ्यायची घाई!

इथे काका पुरले नाहीत तर देशात मामा असतो. हा प्रकार तर मला अधिक संताप आणतो. न्यू जर्सीत ज्या मुलाला मी पेशंटच्या खांद्याला हात लावू देत नाही, तोच महिनाभरासाठी मामाच्या तालुक्याच्या गावच्या हॉस्पिटलात जातो आणि थेट ऑपरेशन थिएटरमध्ये हातमोजे घालून रिट्रॅक्टर धरतो. कधी टाकाही घालतो. फोटो येतात, अभिमानाने ग्रुपवर पडतात. टेबलावर पोट उघडून पडलेल्या बाईला कोणी विचारलं होतं का, की हा एकोणीस वर्षांचा पाहुणा तुमच्या पोटात हात घालणार आहे, चालेल का? तिला विचारायची पद्धतच नाही, कारण ती गरीब आहे आणि ‘डॉक्टरसाहेब देव आहेत’. शिक्षण न झालेल्या विद्यार्थ्याने परदेशात जाऊन पेशंटवर उपचार करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं एएएमसीने फार पूर्वीच काढली आहेत. मामाला त्यांची गंधवार्ता नसते, भाच्याला ती गैरसोयीची असतात. परत येताना मामाच्या लेटरहेडवर पत्र येतं: अनेक शस्त्रक्रियांत मोलाचं साहाय्य केलं. ज्या कृत्याबद्दल अर्ज फेटाळायला हवा, त्याचीच ही शिफारस.

आता मला माहीत असलेलं एक खरं पत्र सांगतो. मी ज्या नर्सिंग होममध्ये आठवड्याला पेशंट बघायला जातो, तिथे एक मुलगी रात्रपाळीला नर्सेस एड म्हणून काम करते. दिवसा कॉलेज. या कामाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं असा केंद्राचा नियम आहे. काम म्हणजे म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणं, लंगोट बदलणं, जेवणाच्या ट्रेमध्ये रुमालात गुंडाळून फेकली जाणारी कवळी शोधून काढणं. एके रात्री एका आजोबांचे मोजे बदलताना तिला एक पोटरी दुसरीपेक्षा जाड आणि गरम लागली. दुखतंय का विचारलं तर आजोबा नाही म्हणाले. त्यांना स्मृतिभ्रंश आहे, ते सगळ्यालाच नाही म्हणतात. तिने पाळीच्या प्रमुख नर्सला उठवलं. नर्स म्हणाली सकाळी बघू. ती पुन्हा गेली, या वेळी मोजपट्टी घेऊन. सकाळी डॉपलर झाला. शिरेत गुठळी होती, फुप्फुसात जायच्या आधी सापडली.

हे मला त्या नर्सनेच सांगितलं, आणि ‘सकाळी बघू’ हे स्वतःचं वाक्यही तिने गाळलं नाही. या मुलीबद्दल ती पानभर लिहील आणि त्यातला प्रत्येक शब्द तिने पाहिलेला असेल. बारीक लक्ष, दोनदा सांगायचं धैर्य, वरच्याने झटकलं तरी न रुसता पुरावा आणायची बुद्धी, सगळं त्यात असेल. आणि या मुलीला सल्ला काय मिळाला? नर्सच्या पत्राला वजन नसतं, नावापुढे एम.डी. असलेला कोणीतरी शोध. म्हणून ती माझ्याकडे आली. मी तिला दोन वेळा कॉरिडॉरमध्ये पाहिलं होतं.

डॉक्टरकीतला जातिभेद याहून उघडा कुठे दिसणार? जिने माणूस पाहिला तिची सही चालत नाही, ज्याने पाहिला नाही त्याची धावते.

यावर ठरावीक उत्तरं येतात. एक, ‘सगळेच करतात, एका पत्राने कोणाचं काय बिघडतं?’ पत्राने काही होत नसेल तर ते मागू नका, कारण ते गोळा करण्यात गरीब मुलांचे महिने जातात. आणि काही होत असेल तर ज्याच्या वाट्याला काका आला नाही त्याचं बिघडतं. दोन्हीपैकी एक निवडा. दोन, ‘मग काय आपल्यासारखी एकच परीक्षा ठेवायची?’ मुळीच नाही. नीटचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. २०२४ च्या सुरुवातीच्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण निघाले, आणि हजारीबाग-पाटण्यात पेपर फुटला होता हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं. माणसाची पारख माणसानेच करावी या मताचा मी आहे. फक्त पारख करणाऱ्याने माल हातात घेतलेला असावा.

ते कसं करायचं हे याच देशातल्या इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांनी नव्वदच्या दशकातच दाखवून दिलं. रेसिडेन्सीच्या उमेदवारांसाठी त्यांनी ठरावीक नमुन्याचं पत्र आणलं. उमेदवाराने तुमच्या हाताखाली काय काम केलं, बरोबरीच्या मुलांत तो कितव्या गटात बसतो, आणि, ही खरी मेख, गेल्या वर्षी तुम्ही किती जणांना वरच्या गटात बसवलं होतं, हे त्यात लिहावं लागतं. प्रत्येकाला ‘असामान्य’ म्हणणाऱ्याचं बिंग त्याच्याच आकड्याने फुटतं. हा फॉर्म माझ्यापुढे ठेवला तर शॅडोइंगच्या मुलाबद्दल मला पहिल्याच रकान्यात थांबावं लागेल. तिथे थांबायला लागणं हेच बरोबर आहे.

आणि शॅडोइंगची नोंद कुठे करायची हा प्रश्नही उरत नाही. एमकॅसच्या अर्जात कामं आणि अनुभव लिहायला पंधरा जागा आहेत. त्यात शॅडोइंगचा स्वतंत्र प्रकार आहे, तास लिहायचे असतात, संपर्कासाठी नाव द्यायचं असतं. कॉलेजला शंका आली तर मला फोन करा, तो येत होता हे मी सांगेन. त्यासाठी करुणा, परिपक्वता आणि टिश्यूचा डबा लागत नाही.

तेव्हा कॉलेजांनी आपल्या पानावर एक ओळ छापावी: ज्या डॉक्टरने तुम्हाला काम दिलं नाही त्याचं पत्र आम्ही वाचणार नाही, आणि ज्या नर्सने, मावशीने, पर्यवेक्षकाने दिलं त्यांचं आधी वाचू. डी.ओ. कॉलेजांनी तर हे याच वर्षी करावं, कारण या पत्रांची मागणी मुख्यतः त्यांनीच जिवंत ठेवली आहे. माझ्या मराठी डॉक्टर मित्रांनी मुलांना जरूर उभं करावं, माझ्याकडेही पाठवावं. मात्र मुलाने लिहून आणलेल्या कागदावर सही मागितली तर, पेशंट न बघता मेडिकल सर्टिफिकेट मागणाऱ्याला जे उत्तर देता, तेच द्यावं. माझ्या इनबॉक्समधली ती फाईल मी सही न करता परत पाठवतो आहे.

राहिले आई-बाप. तुमच्या मुलाला खरंच डॉक्टर व्हायचं असेल, तर मला फोन करू नका. त्याला घराजवळच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचा अर्ज करायला सांगा. तिथे ओळख लागत नाही, माणसं नेहमीच कमी असतात.